मागची डावी सीट

आमच्या मॅडम गाडीत कधीही पुढे बसत नसत. गाडी त्यांची, गाडीत माणसं दोनच, मी आणि त्या. तरीही मी एकटी पुढे स्टिअरिंगवर आणि त्या मागे, डावीकडच्या सीटवर. खिडकीची काच चार बोटं खाली, मांडीवर पर्स, आणि पर्सवर आडवी ठेवलेली लांब दांड्याची काळी छत्री. पुढच्या डाव्या सीटवरचं प्लास्टिक शोरूममधून आलं तसंच होतं. एकदा मी तिथे दुधाच्या पिशव्या ठेवल्या, तर म्हणाल्या, "बरं केलंस. पीएची जागा आहे ती. अगदीच रिकामी बरी दिसत नाही."

दिल्लीतल्या कुठल्याशा मंत्रालयात त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या. सरकारी पांढरी गाडी, पुढे ड्रायव्हर, त्याच्या शेजारी फायली घेतलेला पीए, आणि मागे डावीकडे या. रिटायर झाल्यावर गाडी गेली, पीए गेला, फायली गेल्या. मागची डावी सीट तेवढी त्यांनी सोबत आणली. स्वतःची लहानशी गाडी घेतली तरी बसायच्या तिथेच. पटपडगंजकडच्या आमच्या सोसायटीचा म्हातारा गार्डही काही कमी नव्हता. गाडी गेटवर आली की तो सरळ मागच्या डाव्या खिडकीला सलाम ठोकायचा. मॅडम मान एवढीशी हलवायच्या. ती हलल्याशिवाय तो बॅरियर वर करत नसे.

मी 'आमची सोसायटी' म्हणते खरी, पण मी तिथे स्वयंपाकाला जायचे. राहायला मंडावलीत, एका खोलीत. माझा नवरा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या सरकारी पाहुणेघराच्या स्वयंपाकघरात कामाला. मॅडम तिथे जेवायला यायच्या. एक दिवस आमटी खाऊन त्यांनी आचाऱ्याला बाहेर बोलावलं. नवरा घाबरत गेला.

"आमटीला गूळ कोणी घातला?"

"मी मॅडम. चुकलं का?"

"बिल्कुल नाही. तुला कोणी शिकवलं?"

"बायकोने."

"मग तू इथे काय करतोयस? तिला पाठव."

अशी माझी नेमणूक झाली. नेमणूक हा त्यांचाच शब्द. घरी पोळ्या लाटायला आलेल्या बाईला त्यांनी पहिल्या दिवशी खुर्चीवर बसवून "जॉइनिंग कधीपासून?" असं विचारलं होतं. मी सातवी झालेली. वाशीमकडचं आमचं गाव. गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची नदीपलीकडे, आणि पोरीला नदीपलीकडे कोण पाठवतो? त्यामुळे खुर्चीवर बसून कोणी मला काही विचारलं की माझे हात गार पडतात. अजून पडतात.

मॅडमचं सगळंच तसं. दिवाळी झाली की स्वेटर, होळी झाली की काढायचा; मध्ये ऊन पडो की धुकं, त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. रेशमी साडीवर कॅनव्हासचे बूट. भांडण हिंदीत, हुकूम इंग्रजीत, आणि खाण्याचं बोलणं मराठीत. आणि कुठलीही आपत्ती आली की एकच वाक्य: "आधी चहा, मग संकट." एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत आम्ही दोघी आणि वरच्या मजल्यावरचे एक कर्नलसाहेब. कर्नलसाहेब दार बडवतायत, मी देवाचं नाव घेतेय, आणि मॅडम वरच्या फटीतून गार्डला सांगतायत, "चाचा, मेकॅनिक को बाद में बुलाना. पहले तीन चाय." चहा खरंच फटीतून आला. आम्ही तो प्यायला लागलो आणि लिफ्ट आपोआप चालू झाली. "बघ," त्या मला म्हणाल्या, "संकटालाही कळतं, आपल्याला वेळ आहे ते."

मला ड्रायव्हिंग शिकवायचं त्यांच्या डोक्यात आलं तेही असंच. त्यांचा ड्रायव्हर गावाला गेला तो आलाच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा स्वतःचा हात धजत नव्हता. तरुणपणी त्यांनी वडिलांची जीप चालवली होती, लायसन्सही वेळच्या वेळी रिन्यू केलेलं. गाडी कव्हरखाली पडून होती आणि कव्हरवर कबुतरं. एक दिवस मी पोळ्या करत असताना माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"तुझ्या पोळ्या गोल होतात."

"हो मॅडम."

"स्टिअरिंगही गोलच असतं. उद्यापासून शिकायचं."

मी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवरून माझ्या लर्निंग लायसन्सची परीक्षा लावली. मी ती पास झाले तशी गाडीच्या मागेपुढे लाल 'एल' चिकटवला आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

गंमत अशी की, स्वयंपाकघरात मी 'अगं' होते, पण स्टिअरिंगला हात लावला की लगेच 'अहो ड्रायव्हर'. "ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याला अरे-तुरे करू नये," असं त्यांचं म्हणणं. हॉर्नचाही नियम होता. दिवसाला एक. दिल्लीत! मागे ट्रक बोंबलतोय, शेजारून ई-रिक्षा घासून जातेय, आणि मागून शांत आवाज यायचा, "ड्रायव्हर, आजचा वापरलात का? मग आता उद्या."

खरी अडचण माझी होती. मी घाबरले की मला डावं-उजवं कळत नाही. घरात बसून विचाराल तर सांगेन, पण मागून कोणी "लेफ्ट घ्या" म्हटलं की मी मनात जेवायला बसायचे, घास कोणत्या हाताने घेते ते बघायचे, आणि तोवर वळण मागे गेलेलं असायचं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी छत्री उचलली. डाव्या खांद्यावर टोकाने टकटक म्हणजे डावीकडे, उजव्यावर टकटक म्हणजे उजवीकडे, आणि सीटच्या पाठीवर ठक् म्हणजे थांबा. माझ्या जिवाला इतका आराम पडला म्हणून सांगू! विचार करायचा नाही, खांदा सांगेल तिकडे जायचं. महिनाभरात मी नोएडाच्या पुलापर्यंत गाडी नेऊ लागले.

हे शिकणं आता नुसती मॅडमची लहर राहिली नव्हती. शेजारच्या वसुंधरातल्या एका लहान मुलांच्या शाळेला व्हॅनसाठी बाईमाणूस ड्रायव्हर हवी होती. मॅडमच मला घेऊन गेल्या. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "पक्का लाइसेंस ले आओ, आगे का हम देख लेंगे." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे पोरीला आणता येईल." आमची मुलगी गावाला आजीजवळ होती. सातवीत. ती नदी अजून तिथेच होती आणि मुलीला पलीकडे कोण पाठवणार, हा प्रश्नही तिथेच होता.

पक्क्या लायसन्सच्या टेस्टची तारीख मिळाली, आणि त्याच आठवड्यात अंबाडी दिसली.

दिल्लीत मेथी, पालक, बथुआ, सरसों वाट्टेल तेवढी. अंबाडी मिळत नाही. मॅडमना तिची आठवण आली की त्या पाहुणेघरात नवऱ्यालाही विचारायच्या, जणू त्याने लपवून ठेवली आहे. त्या दिवशी सकाळी आम्ही दुधाच्या बूथजवळून चाललो होतो. हळू. आजचा हॉर्न आधीच एका बैलासाठी खर्च झालेला. बूथच्या अलीकडे डाव्या हाताला एक हातगाडी उभी होती, आणि मागून एकदम आवाज आला, "अंबाडी!" आणि माझ्या डाव्या खांद्यावर छत्री: टकटकटकटक!

मी डावीकडे वळले. मला सांगितलं तसं.

तिकडे रस्ता नव्हता, बूथचं लोखंडी रेलिंग होतं. धाडकन आवाज झाला, डावा दिवा फुटला, बंपर लोंबायला लागला, आणि हॉर्न अडकून बसला. बोंऽऽऽ करून जो सुरू झाला तो थांबेचना. दूध घ्यायला आलेली सगळी रांग वळून बघायला लागली. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. मागून पहिल्यांदाच, मी ड्रायव्हरच्या जागेवर असताना, "अगं" ऐकू आलं.

"अगं, लागलं का तुला? बोल ना गं!"

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी खोल श्वास घेतला. "हे सगळे पुढच्या वर्षाचे हॉर्न गेले बघ," म्हणाल्या, दार उघडून उतरल्या, आणि गाडीकडे न बघता सरळ हातगाडीकडे गेल्या. अंबाडीच होती. दोन जुड्या घेऊन परत आल्या. मग एका माणसाने बॉनेट उघडून कसली तरी वायर ओढली आणि हॉर्न बंद झाला.

"आधी चहा," मी रडत म्हणाले.

"नाही. आज आधी भाजी, मग चहा, मग संकट."

संकट त्यांनी जेवणाच्या टेबलावर घेतलं. मोबाइल स्पीकरवर ठेवून इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. मी अंबाडी निवडत बसले होते. 'हिंदी के लिए दो' झालं, गाणं झालं, मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मैम, आपको हुई असुविधा के लिए खेद है."

"मुझे कोई असुविधा नहीं है, बेटा. गाड़ी को है."

"जी. दुर्घटना का कारण बताइए."

"छाता."

"जी?"

"छाता. अम्ब्रेला."

"मैम, बारिश हो रही थी?"

"नवंबर में बारिश क्यों होगी? छाता इशारे के लिए था. मैंने ग़लत इशारा कर दिया. भाजी दिख गई थी."

पलीकडे थोडा वेळ नुसतं टाइप केल्याचा आवाज. "मैम, मेरे पास जो ऑप्शन आ रहे हैं उनमें छाता नहीं है. दूसरी गाड़ी है, जानवर है, खंभा-दीवार है. खंभा डाल दूँ?"

"खंभे ने क्या किया? वो तो अपनी जगह खड़ा था."

"मैम, डालना तो कुछ पड़ेगा."

"अच्छा, डाल दो. पर नीचे लिखना, खंभे की कोई गलती नहीं."

मुलीला हसू आलं, तिने ते खोकल्यात घातलं. सर्वेअर गाडी बघायला येईल असं सांगून तिने फोन ठेवला.

मी भाजी घरी न्यायची पिशवी घेऊन खाली उतरले तर गेटवर गार्डचाचांनी गाठलं. "अरे बेटी, लर्निंग पे ठोक दी? अब तो गई. इन्शोरेंस वाले सीधा आरटीओ को लिखते हैं. फिर पक्का लाइसेंस? भूल जाओ!" चाचांचा साडू कधीतरी कुठल्यातरी गॅरेजात होता, त्यामुळे त्यांना गाड्यांचं सगळं कळायचं. सर्वेअर येईपर्यंत माझं खाण्यावरून मन उडालं. नवऱ्याला मी सांगितलंच नाही. गावाहून मुलीचा फोन आला, "आई, मी वह्या घेऊ का नको इथे? तिकडे नव्या लागतील ना?" मी म्हटलं, "घे बाळा, वह्या सगळीकडे चालतात."

सर्वेअर तरुण मुलगा होता, पाठीला सॅक, हातात मोठा मोबाइल. खाली जाऊन गाडीचे फोटो काढून वर आला. मॅडमनी त्याला चहा दिला, मी बेसनाच्या लाडवांची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

"गाड़ी कौन चला रहा था, मैडम?"

"ये." त्यांनी माझ्याकडे हात केला. मला वाटलं ताटली पडते.

"लाइसेंस?"

"लर्निंग."

"कोई बात नहीं. पक्के लाइसेंस वाला साथ में होना चाहिए, आपका तो है. आप साथ थीं ना?"

"बिल्कुल साथ थी."

"बगल में. आगे."

"नहीं. पीछे."

त्याचं बोट मोबाइलवर थांबलं. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून, मुलगा आईशी बोलतो तसा म्हणाला, "मैडम, सिखाने वाला बगल में होना चाहिए. तभी क्लेम बनता है. आप एक बार सोच लीजिए. आगे ही थीं ना? मैं आगे लिख देता हूँ."

मी दारातून डोळ्यांनी, भुवयांनी, ताटलीने, जमेल त्या सगळ्याने त्यांना खुणावत होते. 'हो' म्हणा. फक्त हो. लिहू दे त्याला पुढे, जाऊ दे इथून.

मॅडम खुर्चीत ताठ झाल्या.

"मैं? आगे?" असा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता. "बेटा, मैं पूरी नौकरी में कभी आगे नहीं बैठी. आगे पीए बैठता था. आप लिखिए, पीछे. बायीं तरफ."

"क्लेम नहीं बनेगा, मैडम."

"तो मत बनाइए. पर लिखिए वही. और छाता भी लिखिए."

मुलाने लिहिलं. लाडू खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला. तो लिफ्टकडे गेला तशी मी मागे धावले.

"भैया, आरटीओ वाले... मेरी टेस्ट है. मेरा लाइसेंस रुक जाएगा क्या?"

तो हसायला लागला. "दीदी, हम आरटीओ को क्यों लिखेंगे? हमारा काम इतना है कि पैसा देना है या नहीं. नहीं देना, बात खतम. आप आराम से टेस्ट दो." लिफ्टचं दार मिटता मिटता म्हणाला, "बस इनको आगे बिठाना!"

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. किती दिवसांनी पोटात भूक लागल्यासारखं वाटलं. पण भीती उतरली की माणसाला राग येतो. घरात जाऊन मी भांडी जरा जोरातच घासली. शेवटी बोललेच.

"मॅडम, एक शब्द म्हणाला असतात तर गाडी फुकटात झाली असती. 'पुढे' म्हणायला काय जात होतं?"

मॅडम चष्मा पुसत होत्या. "इकडे ये. बस." मी खुर्चीवर बसले. "मी पुढे बसलेली असते, तर तुझ्या खांद्यावर छत्री कशी मारली असती?"

"नसती मारली."

"मग कागदावर राहिलं काय? की शिकवणारी शेजारी बसली होती, तिने काही केलं नाही, आणि हिला चालवता येत नाही म्हणून हिने रेलिंगला ठोकली. छत्री गेली की चूक तुझी. उद्या शाळेच्या त्या बाईंनी विचारलं, तर?" चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू अगदी बरोबर वळलीस. सांगितलं तिकडे. मीच चुकीचं सांगितलं."

माझ्या बाजूने एवढा विचार कोणी केल्याचं मला आठवत नव्हतं. आता कधी कधी वाटतं, हे सगळं त्यांना त्या क्षणी सुचलं होतं, की आधी पुढच्या सीटचा अपमान झोंबला आणि कारण नंतर भांड्यांच्या आवाजात सापडलं? मी त्यांना कधी विचारलं नाही. दोन्ही खरं असेल. दोन्हींनी मी वाचलेच.

त्या आता पुण्याला भाचीकडे असतात. गाडी विकली, शेवटपर्यंत तिचा एक दिवा नवा पांढरा आणि एक जुना पिवळट होता. सकाळी शाळेची व्हॅन लावून झाली की मी त्यांना फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला, "आजचा वापरलास?" मुलगी माझ्याजवळ असते, मेट्रोच्या पुलाखालून चालत शाळेत जाते, आणि अंबाडी फार आंबट लागते म्हणून तोंड वाकडं करते.

पण मला मॅडम आठवतात त्या सर्वेअर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. टेस्टच्या आधी शेवटचा सराव होता. बंपर दोरीने बांधलेला. त्या स्वेटर, बूट, पर्स, छत्री अशा सगळ्या सरंजामानिशी खाली आल्या. मी नेहमीप्रमाणे मागचं दार उघडून उभी राहिले. त्या आल्या, थांबल्या, आत बघितलं.

"बंद कर," म्हणाल्या.

मी दार लावलं. त्या गाडीला हात टेकत पुढे गेल्या, पुढचं दार स्वतः उघडलं, आणि प्लास्टिक चर्रकन फाडून सीटवर बसल्या. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. बेल्ट सापडेना. मी वाकून लावून दिला. समोरच्या काचेतून त्या बराच वेळ बघत राहिल्या, जणू काही हा रस्ता सोसायटीत काल रात्री आणून टाकला होता.

"इथून फारच दिसतं गं," म्हणाल्या. मग छत्री माझ्या हातात दिली. "ही तिथे ठेव. माझ्या जागेवर. आडवी नको, नीट टेकवून."

मी छत्री मागच्या डाव्या सीटवर टेकवून ठेवली आणि गाडी काढली. गेटवर गार्डचाचा सवयीने मागच्या खिडकीपाशी धावले, टाचा जुळवून सलाम ठोकला, आणि आत बघून हात कपाळाशीच राहिला. आत नुसती छत्री. ते कधी छत्रीकडे बघतायत, कधी पुढे मॅडमकडे, आणि बॅरियर काही वर होत नाही.

माझा हात हॉर्नकडे गेला.

"थांबा ड्रायव्हर," मॅडम शेजारून म्हणाल्या, "घेऊ दे तिला सलाम. मागे आता तीच आहे." आणि पुढच्या सीटवरून, एवढीशी, त्यांनी मान हलवली. बॅरियर वर गेला.